हँडलची जागा

आमच्या घरात हात उगारायला कुणाला शिकवावं लागलं नाही. आबा मारायचे, थोरला भाऊ मारायचा, आणि माझ्या वाट्याला मारण्यासारखं कुणी उरलं नाही म्हणून मी लोखंडाला मारत सुटलो. हे कौतुकानं सांगत नाही. 'माझं डोकं जरा गरमच आहे' असं सांगणारा माणूस आतून खूश असतो. मला ठाऊक आहे, कारण मीही होतो. आता कुणी माझ्या रागाचा विषय काढला की मी तिथून उठतो.

आबा म्हणजे आमचे वडील. लोणावळा स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर त्यांची टॅक्सी असायची. काळं अंग, पिवळं टप, पुढची दोन्ही दारं उलटी उघडणारी. म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे आत बसणारा माणूस आधी बूड टेकवायचा आणि मग पाय आत घ्यायचा. गिअरचा दांडा खाली नव्हता, स्टिअरिंगच्या बुंध्यालाच आडवा बसवलेला होता. गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रल, हे बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळायचं नाही. दांड्याला हात लावून तो हलवूनच बघावा लागायचा.

त्या गाडीचा सेल्फ माझ्या आठवणीत कधी धड चालला नाही. ती हँडल मारून चालू व्हायची. बंपरच्या मध्यभागी एक भोक, त्यातून वाकडा लोखंडी दांडा आत घालायचा, इंजिनाला अडकवायचा आणि खालून वर असा झटका द्यायचा. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटी लाथ मारली तर मुठीतला अंगठा जागच्या जागी मोडतो. आबांचा मोडलेला होता. तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला आणि आमच्या गालांवर त्याचा वळ वेगळा उठायचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अठरा पुरी झाली तसा तो आबांच्या गाडीवर जायला लागला. हँडल मारायचं, काच पुसायची, भुशी धरणाकडं जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बॅगा टपावर बांधायच्या. स्टँडला उतार होता आणि गाडीचा हँडब्रेक कधी धरायचा नाही, म्हणून आबा चाकाला दगड लावायचे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायचे. एका सकाळी दादानं दगड काढला, गिअर बघितलाच नाही आणि हँडल मारलं. इंजिन चालू होताक्षणी गाडीनं उडी घेतली. दादा गटारात फेकला गेला आणि गाडी पुढच्या टॅक्सीवर आदळली. आबा चहा टाकून धावत आले. त्यांनी पोराला लागलंय का ते बघितलं नाही. डिकीतून जुना फॅन बेल्ट काढला आणि भर स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत, दादाला गटारातच झोडपला. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मीही गाडीत बसून गेलो होतो, आणि अजून आतच होतो. काचेतून मी सगळं बघितलं. मधे पडायची हिंमत कुणाला झाली नाही, मला तर नाहीच.

त्या माराच्या पोटी आमच्या घरात एक नियम जन्माला आला. गाडी गिअरमध्ये असेल तर हँडल ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं. न्यूट्रल असेल तरच ते पुढं, बंपरच्या भोकात. आबा म्हणायचे, "हँडल म्होरं दिसलं तर गाडी मोकळी. सीटवर दिसलं तर हात लावायचा न्हाई." पुढं कितीतरी वर्षं हा नियम एकदाही मोडला नाही. दादा तर झोपेतही मोडला नसता. पाठीवर लिहिलेला नियम माणूस विसरत नाही.

आबा गेले आणि गाडी कान्हे गावात आमच्या घरामागं, प्लास्टिकच्या कागदाखाली उभी राहिली. दादा लग्नानंतर परंदवडीला गेला, तिकडं घर बांधलं, पाण्याचे टँकर चालवायला लागला. मी जुन्या घरात राहिलो. तळेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, लोखंड माझ्या हातातलं आहे. तरी त्या कागदाला मी पंधरा पावसाळे हात लावला नाही. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या आणि बायको रोज दार उघडून ती काढून आणायची, एवढाच गाडीचा उपयोग होता.

मग एका रविवारी कागद ओढून काढला. का, ते धड सांगता येत नाही. पन्नाशी उलटली होती, कंपनीत माझ्या हाताखालच्या पोराला माझ्या डोक्यावर बसवलं होतं आणि मला काहीतरी फोडायचं होतं. आत बसलो तर फरशीचा पत्राच खाली गळून पडला आणि माझे पाय मातीला टेकले.

लोक जुनी गाडी नीट करण्याबद्दल फार गोड बोलतात. म्हणे जीव लावावा लागतो. मी सांगतो, ते काम मारामारीचं आहे. गंजलेला नट पान्यानं सुटत नाही. त्याला आधी तेल पाजायचं, मग तापवायचं, मग हातोड्यानं हाणायचं, मग शिव्या द्यायच्या, आणि शेवटी छिन्नी लावून त्याचं डोकं उडवायचं. ते उडतं तेव्हा कुठं जाईल याचा नेम नसतो. एक माझ्या भुवईत घुसला होता. ग्राइंडरची चकती फुटून उजव्या हाताचं कातडं कोपरापर्यंत सोललं, सतरा टाके पडले. टाके ओले असताना मी परत ग्राइंडर धरला. मडगार्डचा कुजका पत्रा कापताना जो आवाज निघायचा तो मला आवडायचा. घरात पोरं नाहीत आम्हाला, त्या आवाजाचा त्रास होता तो एकट्या बायकोच्या कानाला.

एकदा क्लचच्या बोल्टचं डोकं झिजून गोल झालं म्हणून मी पाना भिरकावला. तो भिंतीवर आदळला. वाटेत बायकोचं डोकं होतं, ते चार बोटांनी वाचलं. तिनं पाना उचलला, ओट्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमी गाडी नीट करताय का आबांशी भांडताय, ते तुमचं तुमी बघा. पर परत असं झालं तर मी म्हायेरी न्हाई जायची. सरळ पोलिसात जाईन." ती बोलते ते करते. त्यानंतर पाने मी फक्त मागच्या शेतात भिरकावले.

कामशेतच्या डेंटरची मी गचांडी धरली होती, तीही सांगून टाकतो. दाराला भोकं पडली होती, तिथं नवा पत्रा न जोडता तो नुसती लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरून मोकळा होत होता. नंतर त्याच माणसानं मला पत्रा ठोकायला शिकवला. मागून लोखंड धरायचं, पुढून लाकडी हातोडा, ठोके बारीक आणि खूप. मला बारीक ठोके जमायला एक वर्ष गेलं.

तिसऱ्या वर्षी गाडी उभी राहिली. रंग झाला, काळा आणि पिवळा, आबांच्याच वेळचा. इंजिन खोलून, घासून, नव्या रिंगा टाकून परत बसवलं. फक्त चालू करायचं राहिलं होतं, आणि तेच मी टाळत होतो. चालू झाली नाही तर मी तिचं काय करीन याची मला भीती होती.

आणि तेवढ्यात दादा आला. पांढऱ्या गाडीतून, सोबत भुशीच्या रस्त्यावर हॉटेल बांधणारा एक माणूस. त्या माणसाच्या हातात टेप होता. मी कंपनीतून येऊन बघतो तर तो माझ्या नव्या मडगार्डवर बोटाच्या पेरांनी टकटक करतोय आणि दादा टेपचं दुसरं टोक धरून उभा आहे. हॉटेलच्या दारात सिमेंटचा चौथरा करणार, चाकं काढून गाडी त्यावर ठेवणार, बॉनेट उघडं ठेवून आत मातीत फुलझाडं लावणार. पावसाळ्यात येणारी गर्दी फोटो काढणार.

मी म्हणालो, "टेप खाली ठेव."

दादा म्हणाला, "गाडी दोघांची हाय. कागदावर अजून आबाच हायत."

"टेप खाली ठेव म्हणलं ना."

"तिच्यायला, तू काय मालक झालास का?"

मी त्याच्या तोंडात मारली. सख्ख्या थोरल्या भावाच्या. त्यानं माझी कॉलर धरली आणि कपाळ माझ्या दाढेवर आपटलं. दाढ तिथंच हलली, आठवड्यानं काढावी लागली. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये अंगणात लोळलो. बायकोनं बादलीभर पाणी आमच्या अंगावर ओतलं तेव्हा सुटलो. हॉटेलवाला टेप टाकून केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

दादा उठला. त्याचा शर्ट फाटला होता आणि पाठ उघडी पडली होती. तो म्हणाला, "ही गाडी बघितली का माझी पाठ दुखती, अजून. तिची चाकं काढून सिमेंटात पुरल्याली बघायची हाय मला. तुला काय त्याचं? तुला तर शेजारी बसवून न्यायचे."

ते खरं होतं. आबांनी मला घरात मारलं, शाळेच्या दारात मारलं, पण त्या गाडीत कधी नाही. गाडीत बसले की ते दुसरेच कुणीतरी असायचे. खंडाळ्याला रिकामी फेरी असली की मला शेजारी घ्यायचे, गिअरच्या दांड्यावर माझा हात ठेवायचे, वर आपला वाकडा अंगठा. म्हणून मला ती गाडी चालती हवी होती. दादाला मेलेली हवी होती. आणि आबांच्या पोटी जन्मलेले आम्ही दोघंच उरलो होतो.

महिनाभर बोलणं बंद झालं. दसऱ्याला वहिनीनं त्याला समजावून आणलं. सणाला आबांच्या घरी यायचं असतं, एवढंच तिचं म्हणणं.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडीची पूजा मांडली होती. आमचं मागचं अंगण उताराचं, गाडीचं तोंड घराकडं, पुढं हात-दीड हातावर दगडी ओटा. एरवी पुढच्या चाकांना मी दगड लावून ठेवायचो. पण दसऱ्याला चाकाखाली लिंबं ठेवतात, पूजा झाली की गाडी पुढं घेऊन चिरडतात. म्हणून मी दगड काढले, चाकांपुढं लिंबं ठेवली आणि गाडी उतरून ओट्यावर जाऊ नये म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये टाकली. मग हत्यारं मांडली. हातोडा, पाने, छिन्नी, ग्राइंडर, सगळं पाटावर. हँडल मात्र पाटावर शोभेना. ते मी बंपरच्या भोकात घातलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फार छान दिसत होतं. नियम माझ्या डोक्यातही आला नाही. तीन वर्षं गाडी चालूच होत नव्हती, नियम कसला पाळायचा.

दादा आला, चपला काढल्या, गाडीला हात जोडले. मला बरं वाटलं. मग त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "चालू झाली का?"

"व्हईल."

"म्हंजी न्हाई झाली." तो हसला. आबा हसायचे तसं, एका बाजूनं. "तीन वर्सं तू लोखंड बडवलंस, बारक्या. आबांनी मला बडवलं तसं. आन् काय निघालं?"

माझ्या कानशिलात रक्त ठोकायला लागलं. मी म्हणालो, "दादा, सण हाय. गप बस."

"एक हँडल मारतो," तो म्हणाला. "एकच. चालू झाली तर तुजी. न्हाई तर परवा टेंपो येईल आन् तू मधी पडायचं न्हाई. बोल."

बायको म्हणाली, "भावजी, र्‍हाऊ द्या की." वहिनीनं त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला.

मी म्हणालो, "मार."

बॅटरीत सेल्फ फिरवण्याइतका जीव नव्हता, पण ठिणगीपुरता होता. दादा पुढं गेला. हँडल जागेवर आहे हे त्यानं बघितलं, हार काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "चावी फिरव."

मी खिडकीतून हात आत घातला. चावी फिरवताना माझं मनगट गिअरच्या दांड्याला लागलं. दांडा हलला नाही. गाडी पहिल्यात होती.

मी हात बाहेर काढला आणि सरळ उभा राहिलो. त्या वेळेचं मी नंतर हजार वेळा मोजमाप घेतलं. दोन श्वास असतील. दादा वाकला होता, त्याचे पाय ओट्याला टेकलेले, अंगठा बोटांच्या बाजूला नीट ठेवलेला. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझं तोंड उघडलं. शब्द तयार होता, एकच शब्द, गिअर. आणि मला वाटलं, पडू दे एकदा. परत पडू दे गटारात, सगळ्यांच्या देखत. एवढंच वाटलं, पण वाटलं. मी तोंड मिटलं.

दादानं झटका दिला.

इंजिन एका हँडलात चालू झालं. पंधरा पावसाळे आणि तीन वर्षांनी. आवाज मी आजही काढून दाखवू शकतो, काही खोट नव्हती त्यात. लिंबं चिरडली आणि गाडी पुढं गेली. इथं गटार नव्हतं. इथं ओटा होता. बंपर आणि ओट्याच्या मध्ये दादाचा उजवा पाय गेला आणि मी हाड मोडताना ऐकलं, इंजिनाच्या वरताण.

गाडी थांबेना. ओट्याला ढुसण्या मारत राहिली, चाकं जागच्या जागी माती उडवत राहिली, आणि प्रत्येक धडकेला पाय आणखी आत जात होता. मी उलटं दार उघडून आत पडलो, चावी बंद केली. गाडी गिअरमध्ये तशीच अडकून उभी. मी दांडा ओढून न्यूट्रल केला आणि मी, बायको, वहिनी, आम्ही तिघांनी छातीनं रेटून ती चढावर मागं ढकलली. बायकोनं मागच्या चाकाला दगड लावला. नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. ओट्यावर, झेंडूच्या हारावर, माझ्या बायकोच्या नव्या लुगड्यावर, सगळीकडं रक्त. वहिनीनं पदर फाडून गुडघ्याखाली आवळला.

दादा ओरडला नाही. तो एकच बोलत होता, माझ्याकडं बघून, परत परत. "हँडल तर म्होरं व्हतं. हँडल तर म्होरंच व्हतं."

तळेगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत तेच बोलत होता.

आधी रॉड घातला. मग जखम चिघळली, काळी पडली, आणि तेराव्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा म्हणायचा, "माझीच चूक. गिअर बघायचा र्‍हायला." मी कॉटशेजारी उभा राहून ते ऐकायचो आणि मान हलवायचो. खरंच हलवायचो. पाव्हणे मला धीर द्यायचे. घरी आल्यावर त्यानं वहिनीकडून निरोप पाठवला, गाडी एका हँडलात चालू झाली, ठरल्याप्रमाणं ती बारक्याची. टेंपो यायचा न्हाई.

गाडी मला मिळाली. मी तिच्यावर कागद टाकला आणि मागं बघितलं नाही. कंपनीत जायचो, यायचो, जेवायचो. एका संध्याकाळी ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "गाडी मागं ढकलायच्या आधी तुमी गिअर काढलात. मी बघितलं."

मी जेवत राहिलो.

"चावी फिरवताना तुमचा हात आत व्हता. तुमास्नी कळलं व्हतं का न्हवतं?"

मी ताट भिंतीवर फेकलं. आमटी तिच्या अंगावर उडाली. ती हलली नाही. म्हणाली, "रविवारी परंदवडीला जाऊन सांगा. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगते." मग खाली बसली आणि भिंत पुसायला लागली. माझी तिच्याकडं बघायची लायकी नव्हती. मी फडकं आणलं आणि दुसऱ्या बाजूनं पुसत बसलो.

रविवारी गेलो. दादा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, पँटची मोकळी बाजू दुमडून पिन लावलेली. वहिनी आत होती. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, जवळ, त्याचा हात पोचेल इतका जवळ. म्हणालो, "दादा, गाडी पहिल्यात हाय हे मला म्हाईत व्हतं. चावी फिरवताना कळलं. मी बोललो न्हाई."

त्यानं दारात उभ्या असलेल्या आपल्या टँकरकडं बघितलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुजं तोंड उघडल्यालं मी बघितलं. म्हणून तर थांबलो, लगीच झटका दिला न्हाई. म्हणलं, बारक्या कायतरी सांगतोय." त्यानं पिनेवर बोट फिरवलं. "मंग तू तोंड मिटलंस. तवा मला वाटलं, ठीक हाय. हँडल म्होरं हाय, बारक्या गप हाय, म्हंजी गाडी मोकळी हाय."

मी म्हणालो, "मार मला. काठी घे आन् मार."

काठी खुर्चीला टेकलेली होती. मला ती हवी होती, पाठीवर, डोक्यावर, कुठंही. आयुष्यात पहिल्यांदा मी मार मागत होतो. दादानं काठीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "आबांनी मला मारलं तवा तू काचंच्या आत व्हतास. तवा बी तुजं तोंड उघडं व्हतं." मग वहिनीला हाक मारून दोन कप चहा सांगितला. तो चहा मी प्यालो, कसा ते विचारू नका.

आता महिन्यातून एकदा त्याला नकली पायाच्या फिटिंगसाठी पुण्याला न्यावं लागतं. तो म्हणाला, आबांच्याच गाडीतून जायचं. मी का म्हणून विचारलं नाही. नवी बॅटरी टाकली, सेल्फ नीट केला, चावीवर पहिल्या झटक्यात चालू होते. हँडल मी कापून भंगारात देणार होतो, त्यानं देऊ दिलं नाही. ते आता कायमचं ड्रायव्हरच्या सीटखाली असतं.

ठरल्या दिवशी मी परंदवडीला जातो, अंगणात गाडी लावतो, इंजिन बंद करतो. दादा बाहेर येतो आणि गाडीपासून चार पावलांवर उभा राहतो. काठीवर दोन्ही हात. दर वेळी तोच प्रश्न विचारतो, "गिअरमधी हाय का?"

मी मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "न्हाई दादा. न्यूट्रल हाय."

तो मान हलवतो. मग गाडीला लांबून वळसा घालून, बंपरसमोरून न जाता, माझ्या दाराशी येतो, ते उलटं दार उघडतो, माझ्या मांडीवरून वाकतो आणि दांडा आपल्या हातानं हलवून बघतो.